स्वस्त वेब-लॅपटॉप घरी चालेल का? तारेच्या टोकावरच्या यंत्राचा इतिहास



रायपूरच्या जयस्तंभ चौकात रवि भवन आहे. मोबाइल, लॅपटॉप, चार्जर आणि सुट्या भागांची दुकाने तिथे एकाला एक लागून आहेत. परीक्षांचे निकाल लागले की आईवडील मुलांना घेऊन अशा बाजारात येतात. खिशात पंधरा-वीस हजार रुपये असतात. एवढ्या पैशांत विंडोजचा लॅपटॉप मिळाला तर तो जुना असतो किंवा रडतखडत चालणारा. शेजारी क्रोमबुक किंवा जिओबुक ठेवलेले असते. ते नवे कोरे, हलके आणि झटकन सुरू होणारे. दुकानदार म्हणतो, "आजकल सब ऑनलाइन है, इसमें सब हो जाएगा." घरचे मात्र एकमेकांकडे बघतात आणि विचारतात, घरच्या रोजच्या कामाला हे चालेल ना?

आजच्या भागात या प्रश्नाचे उत्तर आपण इतिहासातून शोधणार आहोत. कारण यंत्र आपल्याकडे हलकेसे ठेवायचे आणि खरे काम दूरच्या मोठ्या यंत्रावर करायचे, ही कल्पना आजची नाही. गेल्या साठ वर्षांत ती अनेकदा आली. काही वेळा पडली, काही वेळा चांगली रुजली. ती कुठे आणि का रुजली हे पाहिले, की दुकानात कोणते प्रश्न विचारायचे ते आपोआप कळते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. नेहमीच्या लॅपटॉपमध्ये प्रोग्रॅम आणि फाइली मशीनच्या आत असतात. वेब-लॅपटॉपमध्ये बहुतेक काम ब्राउझरमध्ये होते आणि फाइली आपल्या खात्यात, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर राहतात. मशीनमध्ये जागा कमी असते, स्वस्त मॉडेलमध्ये ३२ किंवा ६४ जीबी. गूगलच्या क्रोमओएसवर चालणारे क्रोमबुक हे याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण. जिओबुकची प्रणाली वेगळी आहे, पण घरातला त्याचा उपयोग जवळजवळ तसाच.

मोठे यंत्र एक, टर्मिनल अनेक

सुरुवातीचे संगणक एवढे महाग होते की ते वाटून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा त्या काळचा प्रचंड संगणक आला. संशोधकाने छिद्रे पाडलेली कार्डे द्यायची आणि निकालाची वाट पाहायची, अशी तेव्हाची रीत. चूक निघाली की पुन्हा कार्डे, पुन्हा वाट.

याच वेळी अमेरिकेत वेगळा मार्ग निघाला होता. एमआयटीमध्ये १९६१ साली फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने टाइम-शेअरिंगचा प्रयोग दाखवला. संगणक एकच, पण त्याला अनेक टर्मिनल जोडलेली. प्रत्येकाला वाटायचे, यंत्र आपल्यासाठीच चालले आहे. १९६४ पासून डार्टमथ कॉलेजातले सामान्य विद्यार्थीही अशा टर्मिनलवर बसून प्रोग्रॅम लिहू लागले. समोरचे टर्मिनल फारसे हुशार नव्हते. सगळी अक्कल तारेच्या पलीकडच्या टोकाला होती.

ही कल्पना घराघरात पोहोचवून दाखवली ती फ्रान्सने. तिथल्या सरकारी टेलिफोन खात्याने १९८२ पासून मिनिटेल नावाचे छोटे टर्मिनल लोकांना द्यायला सुरुवात केली. जाडजूड टेलिफोन डिरेक्टरीच्या बदल्यात ते फुकट मिळायचे. त्यावर नंबर शोधा, रेल्वेचे तिकीट काढा, बँकेचे खाते बघा. लाखो घरांत ते पोहोचले आणि ३० जून २०१२ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे चालले. ते टिकले याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. यंत्र देणारा आणि तार टाकणारा एकच होता. तार धडधाकट ठेवण्यात त्याचाच फायदा होता. पण त्यातच दुसरी बाजूही आली. ज्या दिवशी त्याने सेवा बंद केली, त्या दिवशी घरातले यंत्र निरुपयोगी झाले.

आता १९९५-९६ मध्ये या. ओरॅकल कंपनीचे लॅरी एलिसन यांनी जाहीर केले की, सामान्य माणसाला पीसीची गरज नाही. त्याला ५०० डॉलरचा 'नेटवर्क कॉम्प्युटर' पुरे, प्रोग्रॅम आणि फाइली नेटवर्कवर राहतील. सन कंपनीनेही जावास्टेशन आणले. आज ऐकले तर हे हुबेहूब क्रोमबुकचे वर्णन वाटते. तरीही ते फसले. एकतर घरातला इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून मुंगीच्या पावलाने चालत होता. दुसरे म्हणजे १९९७ पर्यंत पूर्ण पीसीच हजार डॉलरच्या खाली मिळू लागला. अर्धे यंत्र घेऊन फायदा काय, असे लोकांनी ठरवले.

तेव्हा आपल्याकडे काय होते? विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेही काही मोठ्या शहरांत. वेग ९.६ केबीपीएस. व्यक्तीसाठी २५० तासांचे ५,००० रुपये, म्हणजे तासाला वीस रुपये आणि वर टेलिफोनचे बिल वेगळे. अशा तारेवर घरचे काम चालवण्याचा विचारही कोणी केला नसता.

आपल्याकडची स्वस्ताई

भारताने दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. तारेचे नंतर पाहू, आधी यंत्र स्वस्त करू.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ आणि एन्कोर सॉफ्टवेअर कंपनीतले अभियंते यांनी मिळून 'सिम्प्युटर' हे हातात मावणारे यंत्र तयार केले. स्मार्टकार्डच्या आधारे एकच यंत्र गावातल्या अनेकांनी वापरावे, ही त्यातली चांगली कल्पना. छत्तीसगडमध्ये शिक्षणासाठी त्याचा प्रयोगही झाला. २००४ साली ते बाजारात आले, पण विक्री अपेक्षेच्या जवळपासही गेली नाही. थोड्याच काळात मोबाइल फोनने त्याची जागा घेतली.

२००५ साली निकोलस नेग्रोपोंटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. प्रत्यक्षात तो सुमारे १८८ डॉलरला पडू लागला. २००६ साली आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने या योजनेला नकार दिला. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावातल्या शाळेत त्याचा प्रयोग झाला. मुलांनी फोटो काढले, चित्रे काढली, मराठीत लिहिले. यंत्रात काही खोट नव्हती. प्रश्न होता तो एका शाळेतून हजारो शाळांत हे नेण्याचा. दुरुस्ती कोण करणार, शिक्षकाला कोण शिकवणार, पैसा कुठून येणार?

मग ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' टॅबलेट आला. जगातला सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून देशभर बातम्या झाल्या. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झ, रॅम २५६ एमबी, आणि पडदा असा की बोट दाबून धरावे लागे. विद्यार्थी निराश झाले. पुढे ही जबाबदारी आयआयटी मुंबईकडे आली आणि २०१२ मध्ये सुधारलेली आवृत्तीही निघाली, पण तोवर लोकांचा उत्साह ओसरला होता.

या तिन्ही प्रयत्नांत हेतू चांगला होता. तिन्हीकडे किमतीचा आकडा मथळ्यात होता, आणि यंत्र घरात किंवा शाळेत आल्यानंतरची पाच वर्षे कोणी धड मोजली नव्हती.

क्रोमबुक शाळेत जिंकले, घरात नाही

गूगलने जुलै २००९ मध्ये क्रोमओएसची घोषणा केली आणि जून २०११ मध्ये सॅमसंग आणि एसरची पहिली क्रोमबुके अमेरिकेत विकायला आली. घरच्या ग्राहकाने सुरुवातीला नाके मुरडली. नेट नसेल तर हे काय कामाचे, हा प्रश्न तिथेही विचारला गेला. मग क्रोमबुक चालले कुठे? अमेरिकेतल्या शाळांत. तिथे वाय-फाय होते. मुलाने कोणतेही यंत्र उचलावे, आपल्या खात्याने लॉग-इन करावे, काल अर्धवट राहिलेला निबंध समोर हजर. आणि मुख्य म्हणजे शेकडो यंत्रे एका जागी बसून सांभाळणारा एक प्रशासक प्रत्येक शाळेच्या मागे होता.

हा मुद्दा लक्षात ठेवा. घरात असा प्रशासक नसतो. पासवर्ड कोणी लिहून ठेवला, खाते परत मिळवायला कोणाचा मोबाइल नंबर दिला आहे, जागा भरली तर काय करायचे, हे घरातल्याच कोणाला तरी बघावे लागते.

भारतात ही यंत्रे २०१३ मध्ये आली, वीस हजारांच्या वरच्या किमतीला. २०१५ साली १२,९९९ रुपयांची क्रोमबुकेही मिळू लागली. यंत्र स्वस्त झाले, तरी गाडी पुढे सरकेना, कारण तार अजून महागच होती. ती स्वस्त झाली ५ सप्टेंबर २०१६ नंतर, जिओ आल्यावर. पण तोवर घराघरात फोन पोहोचला होता आणि बहुतेक कामे त्यावरच होऊ लागली होती.

पुढे जिओनेच २०२२ मध्ये १५,७९९ रुपयांचे जिओबुक आणले. रॅम फक्त २ जीबी. २०२३ मध्ये ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागेचे दुसरे मॉडेल १६,४९९ रुपयांना आले, वजन एक किलोपेक्षा कमी. त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून एचपीने चेन्नईजवळ क्रोमबुकांची जुळणी सुरू केली. मिनिटेलची आठवण येते ना? यंत्र विकणारा आणि तार देणारा पुन्हा एकच.

छत्तीसगडने घेतलेली परीक्षा

आता आपल्या राज्याकडे वळू. छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० रोजी झाले. २०१३ च्या सुमारास युवा सूचना क्रांती योजनेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लॅपटॉप आणि टॅबलेट वाटले गेले. २०१८ मध्ये संचार क्रांती योजना आली, पन्नास लाखांच्या आसपास स्मार्टफोन महिलांना आणि विद्यार्थ्यांना देण्याची. वर्षाअखेर सरकार बदलले आणि ती थांबली.

खरी परीक्षा झाली २०२० मध्ये. शाळा बंद झाल्या आणि ७ एप्रिलला राज्य सरकारने 'पढई तुंहर दुआर' हे पोर्टल सुरू केले. छत्तीसगढीत त्याचा अर्थ, शिक्षण तुमच्या दारी. रायपूरमध्ये ज्यांच्या घरी बरा फोन किंवा लॅपटॉप आणि नेट होते, त्यांची मुले वर्गाला बसू लागली. जंगलातल्या, डोंगरातल्या गावांत सिग्नलच नव्हता. मग काय केले? 'पढई तुंहर पारा' म्हणून वस्तीत, झाडाखाली, ओट्यावर वर्ग भरले. कुठे लाउडस्पीकरवर धडे ऐकवले. आणि 'बुलटू के बोल' नावाचा उपक्रम झाला. बुलटू म्हणजे ब्लूटूथ. जिथे नेट होते तिथे धड्याची ध्वनिफीत उतरवून घ्यायची आणि आठवडी बाजारासारख्या ठिकाणी पालकांच्या साध्या फोनवर ब्लूटूथने द्यायची. मूल घरी ती ऐकणार. नेट लागत नाही.

मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा प्रसंग वाटतो. तार तुटली तरी धडा हातात राहिला पाहिजे, हे इथे कोणाला तरी कळले होते. आपल्या घराच्या लॅपटॉपची कसोटीही नेमकी हीच आहे.

घराचा हिशोब

आता पैशांचे बघू. १६,४९९ चे यंत्र घेतले. त्याला घरचे ब्रॉडबँड लागणार. २०२० मध्ये सुरू झालेल्या महिना ३९९ रुपयांच्या योजनेचा दर धरू. १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला साधारण ४७१ रुपये, वर्षाला ५,६५०. तीन वर्षांत जवळजवळ १७,००० रुपये. म्हणजे तिसऱ्या वर्षाअखेर तारेचा खर्च यंत्रापेक्षा जास्त झाला. घरात ब्रॉडबँड आधीपासूनच असेल तर हा खर्च नवा नाही. नसेल, तर लॅपटॉपची खरी किंमत साडेतेहतीस हजार आहे असे समजून तुलना करा.

दुसरा खर्च साठवणीचा. गूगल फोटोजमध्ये कितीही फोटो फुकट ठेवण्याची सोय १ जून २०२१ पासून संपली. आता फुकट फक्त १५ जीबी, त्यातच मेल, कागदपत्रे आणि फोटो. १०० जीबीला महिन्याला १३० रुपये धरले, तर दहा वर्षांत भाडेच साडेपंधरा हजारांच्या वर जाते. बारसे, मुंज, आजीचा सहस्रचंद्रदर्शन सोहळा, सगळे भाड्याच्या खोलीत. म्हणून एक हजार-दोन हजारांची बाहेरची डिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्या आणि वर्षातून दोनदा, समजा पाडव्याला आणि दसऱ्याला, सगळे त्यावर उतरवा.

तिसरा प्रश्न आयुष्याचा. क्रोमबुकला अपडेट मिळण्याची शेवटची तारीख ठरलेली असते. २०२३ मध्ये गूगलने २०२१ पासूनच्या मॉडेलांसाठी ही मुदत दहा वर्षे केली. ही दहा वर्षे तुम्ही विकत घेतल्या दिवसापासून मोजत नाहीत, ते मॉडेल आल्यापासून मोजतात. सवलतीत मिळणारा जुना साठा घेतला तर त्यातली चार-पाच वर्षे दुकानाच्या फळीवरच गेलेली असू शकतात. तारीख मशीनच्या सेटिंग्जमध्ये दिसते. दुकानात उघडून दाखवायला सांगा. रॅम आणि साठवण बहुतेक वेळा बोर्डावरच जोडलेली असते, नंतर बदलता येत नाही, हेही लक्षात असू द्या. ४ जीबीपेक्षा कमी रॅम घेऊ नका.

मग चालेल की नाही?

कामे बघू. मुलांचा अभ्यास, व्हिडिओ पाहणे, मेल, वीजबिल, बँक, रेल्वेचे तिकीट, अर्ज भरणे, युनिकोडमध्ये मराठी लिहिणे, हे सगळे उत्तम चालते. नेट गेले की यंत्र मेले, असेही नाही. कागदपत्रे आधी 'ऑफलाइन' करून ठेवली तर लिहिता येते, उतरवलेला सिनेमा पाहता येतो. पण ती तयारी आधी करावी लागते, वीज गेल्यावर नाही.

तात्यापारा असो की चौबे कॉलनी, रायपूरच्या मराठी घरांत एक चित्र नेहमी दिसते. मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला, आईबाबा इथे. अशा घरात हे यंत्र विंडोजपेक्षाही बरे. व्हायरसची भानगड जवळजवळ नाही, अपडेट आपोआप होते आणि मशीन बिघडले तरी दुसऱ्यावर लॉग-इन केले की सगळे परत मिळते. "बाबा, ती खालची निळी खिडकी बंद करा" असे फोनवर तासभर सांगावे लागत नाही.

आता चालत नाही ते. घरातूनच दुकानाचे हिशेब टॅलीत ठेवत असाल तर ते विंडोजचे काम. निविदा भरायला डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लागत असेल, तर त्याचा ड्रायव्हर बहुधा विंडोजसाठीच असतो. घरात कोणी कृतिदेवमध्ये टायपिंगच्या परीक्षेची तयारी करत असेल, किंवा मंडळाची स्मरणिका श्रीलिपीत जुळवत असेल, तर हे यंत्र घेऊ नका. जुना लेझर प्रिंटर असेल तर तो चालतो का, हे आधी पडताळून पाहा. अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलालाही पुढे दुसरे यंत्र लागणारच.

थोडक्यात, ज्या घरात नेट आधीपासून आहे आणि फोनचा पडदा अभ्यासाला अपुरा पडतो, त्या घराला स्वस्त वेब-लॅपटॉप नक्की चालेल. जिथे घरातूनच कमाईचे काम होते, तिथे तेवढ्याच पैशांत खात्रीच्या दुकानातून जुना, चांगल्या बांध्याचा विंडोज लॅपटॉप घेणे शहाणपणाचे. आणि जिथे नेटच भरवशाचे नाही, तिथे आधी तारेचा बंदोबस्त करा, यंत्र मागाहून.

रवि भवनात गेलात तर एक करा. आवडलेला लॅपटॉप हातात घ्या, दुकानदाराला वाय-फाय बंद करायला सांगा आणि पाच मिनिटे मुलाला त्यावर काहीतरी लिहायला बसवा. दुकानदार थोडा हसेल. हसू द्या. त्या पाच मिनिटांत बरेच काही कळेल.

आज एवढेच. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.